पायात राहिलेल्या दोन गोळ्या : हरदित सिंग मलिक यांचे एक उड्डाण

हरदित सिंग मलिक ३१ ऑक्टोबर १९८५ रोजी वारले, तेव्हा त्यांना एक्याण्णवावे वर्ष चालू होते आणि पायात दोन जर्मन गोळ्या होत्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या आकाशात त्या लागल्या आणि अडुसष्ट वर्षे जिथल्या तिथे राहिल्या. त्या घेऊनच मलिक पुन्हा लढाऊ विमानात बसले, इंग्लंडमध्ये ससेक्स काउंटीकडून क्रिकेट खेळले, म्हातारपणापर्यंत गोल्फ खेळले. आयसीएसची नोकरी केली, पतियाळा संस्थानचे पंतप्रधान झाले, स्वतंत्र भारताचे कॅनडातले पहिले उच्चायुक्त आणि नंतर फ्रान्समधले राजदूत झाले.

युद्धातल्या वैमानिकाची आठवण म्हणून सहसा लॉगबुक जपले जाते, गॉगल, पदके, पाडलेल्या विमानाच्या कापडाचा तुकडा, वाकलेला प्रोपेलर. या सगळ्यांबाबत पहिला प्रश्न खरेपणाचा असतो. वस्तू खरोखर त्याचीच कशावरून? मधल्या काळात ती कोणाकोणाच्या हातांतून फिरली? मलिकांच्या गोळ्यांबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या हरवल्या नाहीत, विकल्या गेल्या नाहीत, कपाटातही पडून राहिल्या नाहीत. म्हणून हे प्रकरण तपासायला घेतले.

इथे विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. गोळ्या लागल्या त्या दिवशी रावळपिंडीचा एक शीख तरुण ब्रिटिश लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये होता कसा? तेव्हाच्या रीतीप्रमाणे तो तिथे असायलाच नको होता. मलिकांविषयी आपल्याकडे जे लेख येतात, ते 'पहिला भारतीय फायटर पायलट' एवढ्यावर समाधान मानतात आणि पुढे शौर्याची वर्णने करतात. शौर्याबद्दल वाद नाही. पण त्या अभिमानाच्या भरात एक गोष्ट झाकली जाते. ही सेवा मोजक्या माणसांसाठी केलेला अपवाद होती, आणि युद्ध संपताच तो अपवाद बंद झाला.

पत्राने उघडलेले दार

मलिकांचा जन्म २३ नोव्हेंबर १८९४ चा, रावळपिंडीच्या सधन घराण्यातला. चौदाव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले गेले. ईस्टबोर्न कॉलेज, मग १९१२ मध्ये ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज. क्रिकेट उत्तम, गोल्फ त्याहून उत्तम. १९१४ च्या उन्हाळ्यात ते ससेक्सच्या संघातून काउंटी सामने खेळत होते. त्याच ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले.

बरोबरीची इंग्लिश मुले भराभर लष्करात दाखल झाली आणि त्यांना सरळ अधिकारपद मिळाले. मलिकांना ते मिळेना. हिंदुस्थानी माणसाला लष्करात किंग्ज कमिशन, म्हणजे राजाच्या सहीचे अधिकारपद, डॉक्टर म्हणून मिळू शकत असे. लढणारा अधिकारी म्हणून ते दार बंद होते. हिंदुस्थानी पलटणी सप्टेंबर १९१४ पासून फ्रान्समध्ये उतरत होत्या, चिखलात मरत होत्या. पण त्यातला सर्वांत अनुभवी सुभेदारसुद्धा कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली. मलिकांनी रॉयल फ्लाइंग कोअर, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या विमानदळाकडे प्रयत्न केला, तिथेही नकार.

मग १९१६ मध्ये ते फ्रेंच रेडक्रॉसमध्ये रुग्णवाहिका चालवायला गेले. फ्रान्सला त्यांच्या कातडीच्या रंगाशी कर्तव्य नव्हते, निदान मलिकांच्या बाबतीत नव्हते. तिथे काम करता करता त्यांनी फ्रेंच विमानदळात जाण्याची खटपट केली आणि फ्रेंच त्यांना घ्यायला राजी झाले. ही बातमी मलिकांनी ऑक्सफर्डमधले आपले शिक्षक फ्रान्सिस अर्कहार्ट यांना कळवली. अर्कहार्ट यांनी रॉयल फ्लाइंग कोअरचे प्रमुख जनरल सर डेव्हिड हेंडरसन यांना पत्र लिहिले. पत्राचा आशय असा की, आपलाच एक प्रजाजन फ्रान्ससाठी उडू शकतो आणि इंग्लंडसाठी नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. हेंडरसननी मलिकांना भेटीला बोलावले आणि कॅडेट म्हणून घेतले. एप्रिल १९१७ मध्ये मलिक सेकंड लेफ्टनंट झाले. फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी म्हणून घेतलेले पहिले हिंदुस्थानी म्हणून त्यांचेच नाव सांगितले जाते.

या पत्रावर थोडे थांबायला हवे. त्यात समानतेचा युक्तिवाद नव्हता. सगळ्या हिंदुस्थान्यांना दार उघडा, असे त्यात कुठे नव्हते. 'फ्रेंचांपुढे आपली नाचक्की होईल' हा खरा मुद्दा होता, आणि तो नेमका लागू पडला. असे पत्र लिहिणारा प्राध्यापक असायला तुम्ही बेलियलला असायला हवे. बेलियलला असायला घरी पैसा हवा. आणि फ्रेंचांनी होकार द्यायला तुम्ही आधी तिथे जाऊन विनावेतन राबलेले हवे. मलिकांकडे हे तिन्ही होते.

काळही अनुकूल होता. एप्रिल १९१७ हा फ्लाइंग कोअरचा सर्वांत वाईट महिना. फ्रान्समधल्या आरासच्या आघाडीवर एका महिन्यात सुमारे २४५ विमाने गेली. नवे वैमानिक जितके मिळतील तितके हवेच होते. भूदलात हिंदुस्थान्यांना किंग्ज कमिशन देण्याची घोषणा झाली ती त्यानंतर, ऑगस्ट १९१७ मध्ये. म्हणजे विमानदळाने मलिकांना घेतले तेव्हा सरकारचे धोरण बदललेले नव्हते. धोरणाला वळसा घातला गेला, एवढेच.

कॅमलच्या कॉकपिटमध्ये

प्रशिक्षण काही महिन्यांत उरकले. तेव्हा सगळ्यांचेच तसे उरकत असे. मलिकांनी पगडी सोडली नाही. तिच्यावर बसेल असे खास मोठे हेल्मेट त्यांनी शिवून घेतले आणि त्यावरून सहकाऱ्यांनी त्यांना 'फ्लाइंग हॉबगॉब्लिन' म्हणजे उडते भूत म्हणायला सुरुवात केली. या टोपणनावाची आज फार कौतुकाने आठवण काढली जाते. मला त्यात कौतुकाइतकाच परकेपणाही दिसतो, पण मलिकांना ते खटकल्याचे दिसत नाही.

नेमणूक झाली २८ व्या स्क्वॉड्रनमध्ये. विमान सॉपविथ कॅमल. ही स्क्वॉड्रन ८ ऑक्टोबर १९१७ रोजी फ्रान्समध्ये उतरली. मलिकांच्या तुकडीचा प्रमुख होता विल्यम बार्कर, कॅनडाचा. पुढे त्याच्या नावावर पन्नास विजय लागले आणि व्हिक्टोरिया क्रॉसही मिळाला.

कॅमल समजल्याशिवाय पायातल्या गोळीचे गांभीर्य कळणार नाही. या विमानात इंजिन, दोन व्हिकर्स मशीनगन, वैमानिक आणि पेट्रोलची टाकी हे सगळे वजन पुढच्या सातेक फुटांत दाटीवाटीने बसवलेले असे. इंजिन रोटरी, म्हणजे प्रोपेलरबरोबर अख्खे इंजिनच गरगर फिरायचे. त्या फिरणाऱ्या वजनामुळे विमान उजवीकडे विजेसारखे वळे आणि डावीकडे कुरकुरत. वळण कुठलेही असो, सुकाणू सांभाळायला पायांनी सतत जोर द्यावा लागे. जरा ढिलाई झाली की विमान गिरक्या घेत खाली. शिकाऊ वैमानिकांचे बळी घेण्यात कॅमलची ख्याती होती. बोटांनी ट्रिगर दाबायचा, हाताने दांडा धरायचा, आणि उरलेले सगळे काम पायांचे. अशा विमानात पायाला गोळी लागणे म्हणजे अर्धे विमान हातचे जाणे.

टाकी वैमानिकाच्या पाठीशी. सभोवती लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले, डोप म्हणजे कापड ताठ करणारा लेप लावलेले कापड. पॅराशूट नाही. त्या युद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ते शेवटपर्यंत दिले गेले नाही. विमान पेटले तर उडी मारायची की जळायचे, एवढीच निवड.

२६ ऑक्टोबर

त्या दिवशी सकाळी पाशेंडेलच्या लढाईचा शेवटचा मोठा टप्पा सुरू झाला. कॅनडाच्या तुकड्या चिखलातून पुढे सरकू लागल्या. पाऊस, खाली आलेले ढग, उडण्यासारखी हवाच नव्हती. बार्करला मात्र स्वस्थ बसवेना. मोजक्या सोबत्यांना घेऊन आघाडीची रेषा ओलांडायची आणि मार्केबेके येथला जर्मन तळ गाठायचा, असा त्याचा बेत होता. मलिक स्वखुशीने बरोबर गेले. फ्रान्समध्ये येऊन त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते.

पलीकडे जर्मन विमानांशी गाठ पडली, आणि गाठ पडताच तुकडी फुटली. ढगांत असे नेहमीच होत असे. एका मिनिटापूर्वी शेजारी असलेले विमान पुन्हा दिसतच नाही. मलिकांच्या पायाला गोळ्या लागल्या. मग अनेक जर्मन विमाने त्यांच्या पाठीमागे लागली आणि मलिक जमिनीलगत विमान दामटत आपल्या बाजूकडे पळत सुटले. नंतर आठवणी सांगताना त्यांनी त्या मिनिटांतली एक गोष्ट नोंदवली आहे. सुरुवातीला त्यांना खात्री होती की आता संपलेच. पण इतका वेळ इतक्या गोळ्या येऊनही आपण जिवंत आहोत म्हटल्यावर उलटी खात्री पटू लागली: माझी वेळ आलेली नसेल, तर यांच्या गोळ्यांनी काही होणार नाही. भीतीचे असे एकदम तळ गाठून उलटे वळणे इतरही वैमानिकांनी सांगितले आहे. मलिकांनी त्याला दैव म्हटले.

शेवटी विमान आपल्या हद्दीत आदळले. मलिक बेशुद्ध झाले. शुद्ध आली तेव्हा ते आपल्याच माणसांत होते.

आता या उड्डाणाभोवती जमलेल्या तीन दाव्यांकडे पाहू.

पहिला दावा, विमानाला चारशेहून अधिक गोळ्या लागल्या. आकडा जुना आहे आणि तो भोकांचा आहे, असे मी समजतो. 'चारशे भोके' आणि 'चारशे गोळ्या' यांत मोठा फरक आहे. कॅमल हे दोन पंखांचे विमान. वरून तिरकी आलेली एक गोळी वरच्या पंखाचे वरचे कापड, खालचे कापड, मग खालच्या पंखाची तशीच दोन कापडे भेदून गेली, तर एका गोळीची चार भोके होतात. तेवढ्यावरून गोळ्या शंभर म्हटल्या, तरी लाकूड आणि कापडाच्या त्या डबीत बसून शंभर गोळ्या सोसणे काही कमी नाही. आकडा फुगवल्याने प्रसंग मोठा होत नाही.

दुसरा दावा, मलिक साक्षात 'रेड बॅरन', म्हणजे जर्मनीचा सर्वांत नामांकित लढाऊ वैमानिक मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन याच्याशी लढले. मार्केबेके हा त्याच्या पथकाचा तळ होता, त्यामुळे ही कथा जन्माला आली असावी. पण रिश्टहोफेनच्या विजयांची यादी तारखांसह उपलब्ध आहे आणि तिच्यात ३ सप्टेंबर ते २३ नोव्हेंबर १९१७ या काळात एकही विजय नाही. मलिकांना त्यानेच पाडले, असे म्हणायला आधार नाही. त्याचे नाव जोडले की गोष्ट विकली जाते, म्हणून ते जोडले जाते.

तिसरा दावा, मलिकांनी त्या दिवशी एक विमान पाडले. असेल. पहिल्या महायुद्धातले विजयांचे हिशेब ढगांत, घाईत, बहुतेकदा एका माणसाच्या सांगण्यावर लिहिले गेले आहेत. दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्या की निम्मे जुळत नाहीत. मी त्या बेरजेत शिरत नाही. या उड्डाणाचा ज्यावर कोणी शंका घेऊ शकत नाही असा पुरावा मलिकांच्या मांडीपासून घोट्यापर्यंतच्या भागात कुठेतरी होता.

गोळ्या काढल्या का नाहीत

हे आजच्या वाचकाला कोड्यात टाकणारे आहे. क्ष-किरण यंत्रे तेव्हा आघाडीजवळच्या रुग्णालयांतही होती. गोळी कुठे आहे हे दिसत होते. मग ती काढायची सोडून तशीच का ठेवली?

१९१७ मध्ये पेनिसिलिन नव्हते. फ्लँडर्सची जमीन पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली शेतजमीन. त्या मातीत धनुर्वाताचे आणि गॅस गँगरीनचे जंतू ठासून भरलेले. जखमेत कपड्याचे चिंध्यासारखे तुकडे आणि माती गेली की पाय किंवा जीव यांपैकी एक जाणार, हे डॉक्टरांनी युद्धाच्या पहिल्या वर्षी महागात शिकले होते. त्यामुळे पुढे पद्धत ठरली. धनुर्वातविरोधी सीरम लगेच टोचायचे, मेलेले मांस निर्दयपणे कापून काढायचे, जखम उघडी ठेवून जंतुनाशक द्रावणाने धूत राहायचे. या सगळ्यात गोळी हा खरा शत्रू नव्हताच. खरा शत्रू होता तिच्याबरोबर आत गेलेला मळ. तोफगोळ्याचा दातेरी तुकडा कपडे आणि चिखल ओढत आत नेतो. गुळगुळीत आवरणाची रायफलची गोळी त्या मानाने स्वच्छ शिरते. ती खोल स्नायूत बसली असेल, सांध्यात नसेल, मोठ्या रक्तवाहिनीला किंवा नसेला टेकत नसेल, तर तिच्यापर्यंत पोचायला धडधाकट मांस फाडण्यात जास्त धोका. शरीर तिच्याभोवती तंतूंची पिशवी विणते आणि गोळी तिथेच बंदिस्त होते.

जर्मन मशीनगनची गोळी सुमारे दहा ग्रॅमची. आत शिसे, बाहेर पोलादी आवरण आणि त्यावर निकेलमिश्रित मुलामा. म्हणजे दोन्ही मिळून मलिक सुमारे वीस ग्रॅम धातू बाळगून होते. शिसे शरीरात उतरून विषबाधा होते ती प्रामुख्याने गोळी सांध्याच्या द्रवात बुडालेली असेल तर. मलिकांनी पुढे सहा दशके गोल्फ खेळून दाखवला, त्यावरून त्या सांध्यात नसाव्यात असा तर्क करता येतो.

आणखी एक तर्क. अशी गोळी जवळून लागली तर मांडी सहज आरपार भेदते. ती आत राहत नाही. दोन्ही गोळ्या आत राहिल्या, याचा अर्थ मलिकांपर्यंत पोचायच्या आधीच त्यांचा जोर कशाने तरी मोडला होता. लाकूड, टाकीचा पत्रा, आसन, काहीही असेल. हा माझा अंदाज. पण तो खरा असेल, तर त्या सकाळी मलिकांना वाचवणारी गोष्ट विमानाचाच एखादा भाग होती.

बार्करचे घड्याळ

मलिकांचा तुकडीप्रमुख बार्कर याच्या आठवणवस्तूची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. बार्करने बी ६३१३ या एकाच कॅमलमधून ४६ विजय मिळवले. एका विमानाच्या नावावर इतके विजय लागण्याचे हे विलक्षण उदाहरण. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते विमान मोडीत काढले गेले, तेव्हा बार्करने त्यातले घड्याळ आठवण म्हणून काढून घेतले. दुसऱ्याच दिवशी त्याला ते परत करायला सांगण्यात आले. सरकारी मालमत्ता!

शेचाळीस विजय मिळवणाऱ्याला शंभरदोनशे ग्रॅमचे घड्याळ ठेवू न देणारी व्यवस्था होती ती. विमान सरकारचे, घड्याळ सरकारचे, बंदूक सरकारची. मलिकांच्या गोळ्या मात्र जर्मन कैसरच्या मालकीच्या, आणि त्या परत मागायची सोय नव्हती. मला हा सगळा प्रकार हसू आणतो, पण त्यात एक तथ्य आहे. सैनिकाकडे त्याच्या सेवेचे जे काही उरते, ते बहुधा हिशेबातून निसटलेले असते.

पुन्हा उड्डाण

बरे झाल्यावर मलिक परतले. इथे एक अनपेक्षित अडचण आली: एरंडेल. रोटरी इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागे, आणि ते परत गोळा न होता इंजिनातून सतत बाहेर फवारले जाई. कॅमलचा वैमानिक उड्डाणभर ते नाकातोंडाने घेत असे. पोटावर होणारे परिणाम सांगायला नकोत. मलिकांना त्याची ॲलर्जी निघाली. जर्मनांच्या गोळ्यांनी जे केले नाही ते एरंडेलाने केले. कॅमल सुटले.

मग लंडनच्या संरक्षणासाठी बिगिन हिलला असलेली १४१ वी स्क्वॉड्रन, आणि १९१८ मध्ये फ्रान्समध्ये ११ वी. दोन्हीकडे ब्रिस्टॉल फायटर, दोन माणसांचे विमान. त्याचे रोल्स रॉइस इंजिन पाण्याने थंड होणारे, एरंडेलाशी त्याचा संबंध नाही. पायात धातू घेऊन एक माणूस पुन्हा सुकाणूच्या दांड्यावर पाय ठेवतो, यावर फारसे कुठे लिहिलेले आढळत नाही. २६ ऑक्टोबरच्या नाट्यापुढे ते फिके वाटत असावे. मला उलट वाटते. पहिल्यांदा रेषा ओलांडताना मलिकांना काय होऊ शकते याची कल्पना नव्हती. दुसऱ्यांदा होती.

बाकीचे तिघे

मलिक एकटे नव्हते. या युद्धात ब्रिटिश विमानदळात अधिकारी वैमानिक म्हणून लढलेल्या हिंदुस्थान्यांत आणखी तीन नावे प्रमुख आहेत.

एरोल सेन, कलकत्त्याचे, ७० व्या स्क्वॉड्रनचे. सप्टेंबर १९१७ मध्येच पाडले गेले आणि युद्ध संपेपर्यंत जर्मनांच्या कैदेत राहिले.

इंद्रलाल रॉय, तेही कलकत्त्याचे. डिसेंबर १९१७ मध्ये अपघातातून थोडक्यात वाचले. मग ४० व्या स्क्वॉड्रनमधून ६ ते १९ जुलै १९१८ या काळात दहा विजय. २२ जुलैला कार्व्हिनवर मारले गेले, वय एकोणीस. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. त्या सन्मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमाने असे म्हटले आहे, याद्यांत दहा येतात; वर हिशेबांविषयी म्हटले ते याचसाठी.

आणि श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचे. आपल्याकडे हे नाव जवळजवळ कोणालाच माहीत नाही, याचे आश्चर्य वाटते. केंब्रिजला शिकले. विमान चालवण्याचे शिक्षण आधीच घेतलेले असूनही त्यांना सुरुवातीला मेकॅनिक म्हणून अर्ज करण्याचा सल्ला मिळाला. पाठीशी अर्कहार्ट नसला की काय होते, ते इथे दिसते. शेवटी अधिकारपद मिळाले, २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान मिळाले. २७ जून १९१८ च्या गस्तीवरून ते परतले नाहीत. तीन दिवसांनी जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला. जर्मन नोंदीत नाव चुकीचे लिहिले गेल्याने कबर कोणाची हे कळायला युद्धानंतर वेळ लागला. आज ती सोम नदीच्या परिसरात, हांगार्डच्या दफनभूमीत आहे.

चौघांपैकी दोघे मेले, एक कैदेत, एकाच्या पायात गोळ्या. चार माणसांवरून टक्केवारी काढू नये, पण यांना कोणी मागच्या फळीत सुरक्षित ठेवले होते, असे तरी म्हणता येणार नाही.

नंतरची पंधरा वर्षे

मलिक आयसीएसमध्ये गेले. १९२१ मध्ये ते ससेक्सकडून पुन्हा खेळले. पंजाबात जिल्ह्याचा कारभार पाहिला, मग व्यापार खात्यात लंडन आणि हॅम्बुर्ग. फ्रान्समध्ये राजदूत म्हणून ते १९४९ ते १९५६ होते. पाँडिचेरीचा प्रत्यक्ष ताबा भारताकडे आला, तो १ नोव्हेंबर १९५४, याच काळातला. ज्या देशाने त्यांना १९१६ मध्ये पहिल्यांदा विमान देऊ केले होते, त्याच देशाच्या राजधानीत वसाहत सोडण्याबद्दलचा भारताचा आग्रह मांडायला ते होते.

विमानदळाचे काय झाले? २८ वी स्क्वॉड्रन १९२० मध्ये पुन्हा उभी राहिली, आणि ती कुठे, तर अंबाल्याला. वायव्य सरहद्दीवर टोळ्यांविरुद्ध तिने वर्षानुवर्षे काम केले. मलिक ज्या स्क्वॉड्रनचे होते ती त्यांच्या मायदेशात, त्यांच्याच पंजाबात येऊन बसली, आणि तिथे हिंदुस्थानी माणसाला वैमानिक म्हणून प्रवेश नव्हता. फ्लाइंग कोअरच्या जागी आलेल्या रॉयल एअर फोर्सचे अधिकारपद युद्धानंतर हिंदुस्थान्यांना पुन्हा बंद झाले होते. चौघांनी रक्त सांडून सिद्ध केलेली पात्रता कुठल्याच नियमात उतरली नव्हती, कारण ती नियमाने दिलेलीच नव्हती. पत्राने दिलेले दार पत्र जुने झाले की मिटते.

ते पुन्हा किलकिले व्हायला हिंदुस्थान्यांना लष्करी अधिकारपदे देण्याचा विचार करणाऱ्या स्कीन समितीची शिफारस लागली, आणि १९३० साल उजाडावे लागले. त्या वर्षी पहिले हिंदुस्थानी कॅडेट इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या विमानदळ प्रशिक्षण महाविद्यालयात गेले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी इंडियन एअर फोर्स स्थापन झाले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर चार वापिटी विमानांची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली. तिच्या पहिल्या वैमानिकांत सुब्रोतो मुखर्जी होते, पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले. २६ ऑक्टोबर १९१७ ला ते सहा वर्षांचे होते. मलिक १९३३ मध्ये अडतीस वर्षांचे, म्हणजे स्क्वॉड्रन सांभाळायच्या वयाचे. पण त्या नव्या दलाच्या वैमानिकांना शिकवायला, त्यांच्यावर अधिकार गाजवायला जी माणसे होती ती सगळी ब्रिटिश होती. १९१८ ते १९३० या बारा वर्षांत दरवर्षी दोन-दोन मुले जरी घेतली असती, तरी वीसेक अनुभवी हिंदुस्थानी वैमानिक तेव्हा हाताशी असते. एकही नव्हता.